गार इंजिन खरं बोलतं

२ फेब्रुवारी, सोमवार

साबणवाली कंपनी दर वर्षी ही डायरी पाठवायची आणि दर वर्षी ती लाँड्रीच्या गल्ल्याखाली धूळ खात पडायची. यंदा लाँड्रीच राहिली नाही. म्हटलं, मी रिकामी, ही कोरी, बघू जमतं का दोघींचं.

सकाळी सवयीनं अंधारात उठले, चपला घातल्या आणि दारात उभी राहिले. जायचं कुठं? बॉयलर भंगारात गेला, इस्त्र्या कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्यानं नेल्या, इमारत पाडायला माणसं आलीत. सगळा जन्म वाफेत गेला, आता कोरडी हवा लागली की अंगाला कसंतरीच होतं. सून आतूनच म्हणाली, "आई, दार लावा, वारा येतोय." या पोरीला पाठीलाही डोळे आहेत.

लाँड्रीचे आले ते पैसे माझ्या नावावर पडून आहेत, पण ते कुठं जाणार हे घरात ठरलंय. सून फेरीबोटीच्या इंजिनखान्यात कामाला होती. ती कंपनी बसली, फेरी बंद झाली, आणि पलीकडच्या काठावरची माणसं आता बाजार, दवाखाना, शाळा, सगळ्यासाठी पुलाचा लांबलचक वळसा घालून येतात. बंदर कार्यालयानं जाहीर केलंय की महिनाअखेरपर्यंत जो धडधाकट बोट आणून दाखवेल त्याला फेरीचा परवाना. सूनबाईंचं म्हणणं, तो आपण घ्यायचा. मुलगा लांब कारखान्यात मान मोडून काम करतो आणि वर्षातून दोनदा तोंड दाखवतो. "आई, बोट झाली की दुसऱ्या दिवशी नोकरीला रामराम," असं त्यानं फोनवर सांगितलंय. नाही झाली तर सूनच तिकडे जाणार. हे कुणी बोलून दाखवलेलं नाही, पण मला काय कळत नाही?

आम्हाला परवडेल अशी बोट एकच आहे. तिच्या पोटातलं इंजिन सुनेपेक्षा वयानं मोठं. मला त्याची भीतीच वाटते, खोटं कशाला लिहू.

५ फेब्रुवारी, गुरुवार

बोट बघून आलो. बोटवाला उंच, वाळका, पासष्टीचा. पूर्वी टपालाची बोट चालवायचा. आता एक खांदा कामातून गेलाय म्हणून विकतोय. एकटाच राहतो, धक्क्याजवळ दोरखंडाच्या गोदामावर खोली आहे. धक्क्यावरची चहावाली म्हणाली, "आम्ही त्याला घुम्या म्हणतो. दिवसाला चार शब्दांचा कोटा आहे त्याचा." मला तर तसा वाटला नाही. चांगला बोलला माझ्याशी.

बॅटरी चार्जिंगला गेली होती, त्यामुळे इंजिन काही सुरू करता आलं नाही. पण सुनेनं वेळ फुकट घालवला नाही. चांगल्या कपड्यांनिशी फळ्यांवर पालथी पडली, टॉर्च तोंडात धरला आणि हात इंजिनाखाली घातला. मग काय केलं? मी स्वतः इस्त्री करून दिलेला पांढराशुभ्र रुमाल काढला आणि इंजिनाखालचा तळ पुसला! माझा जीव वरखाली. रुमालावर नखाएवढा डाग आला. ती खूश. "बघा आई, ऑइल साचलेलं नाही." मी म्हटलं, "रुमाल बघतेय मी."

मग एकेक सांगत गेली. इंजिनाचा रंग जुना आहे, पोपडे आलेत, हे चांगलं. विकायच्या आधी चकाचक रंगवलेलं इंजिन दिसलं की समजायचं, खाली गळतीचे डाग आहेत. हे मला पटलं, आमची गिऱ्हाइकंसुद्धा तेलाच्या डागावर पावडर थापून आणायची. ऑइल बघायची पट्टी बाहेर काढून ते तिनं बोटांवर चोळलं, वास घेतला. काळं चालतं म्हणाली, दुधाळ नको, दुधाळ म्हणजे आत पाणी शिरलंय. बोटवाल्यानं आपणहून सांगितलं की पंप थेंब थेंब गळतो, एक नळी त्यानं बदललीय, दुसरी बदलायला झालीय. विकणारा माणूस स्वतःच्या मालाची खोट सांगतो, असं मी तरी पहिल्यांदाच पाहिलं.

इंजिनावर लाकडी पेटी आहे, झाकणासारखी, बोटीत बसायची धड जागा तेवढीच. मी बसले मात्र आणि गारठा थेट गुडघ्यात. "अगं बाई, ही पेटी आहे की बर्फाची लादी! माझे गुडघे राहायचे इथंच," मी मोठ्यानं म्हणाले. बोटवाल्यानं वर पाहिलं. अंगातला कोट काढून पेटीवर टाकला. "बसा वहिनी." मग मी त्याला आमच्या बॉयलरची सगळी कथा सांगितली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मधे एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही त्यानं. आमचे हे होते तेव्हा बॉयलरचा ब निघाला की झोपी जायचे.

८ फेब्रुवारी, रविवार

आज बॅटरी आली होती. धक्क्यावर धुकं, हात गारठलेले. बोटीत उतरलो आणि काय सांगू, आत ऊब! पेटीवर बसले तर खालून छान शेक येतोय, नुकत्याच इस्त्री केलेल्या चादरीवर बसावं तसा. "वा! आज काय थाट आहे," म्हणाले. बोटवाल्याचे कान लाल झाले. वारा झोंबत होताच.

त्यानं किल्ली फिरवली आणि इंजिन एका दमात सुरू. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. सुनेनं मात्र त्याआधीच मला उठवून, झाकण उचलून इंजिनावर तळहात टेकवला होता, आजारी पोराच्या कपाळावर टेकवतात तसा. तेव्हाच तिचा चेहरा पडला. "बघू, कळवतो," एवढंच म्हणाली आणि मला ओढत बाहेर काढलं.

रस्त्यात म्हणाली, "इंजिन आधीच तापवून ठेवलं होतं, आई."

"मग? पाहुणे यायचे असले की चहाचं पाणी नाही का आपण आधी ठेवत?"

"गरम इंजिन कुणाचंही सुरू होतं. आतून झिजलेलं असलं तरी होतं. रात्रभर गार पडलेलं इंजिन सुरू होताना किती खोकतं, कसला धूर टाकतं, यावर सगळं कळतं. गार इंजिन खरं बोलतं. ते आपल्या कानावर पडू नये म्हणून हा खटाटोप."

मी म्हटलं, "तू माणसांवर भरवसा ठेवायला कधी शिकणार?"

"माणसांवर ठेवते की. तुमच्यावर नाही ठेवला?" ती थांबली. "पण आई, या बोटीत पलीकडची शाळेची पोरं बसणार आहेत. भर प्रवाहात इंजिन बंद पडलं तर त्यांना काय सांगू, काका सभ्य होते म्हणून?"

लग्न होऊन आली तेव्हा वाटलं होतं, पोरगी नुसती हट्टी आहे. हट्टी आहेच. पण हट्ट कशासाठी करते ते बघावं माणसानं. माझ्या मुलाला हिच्यात काय दिसलं ते मला फार उशिरा दिसलं, पण दिसलं हे खरं.

११ फेब्रुवारी, बुधवार

सूनबाईंचा आज बेत होता, न कळवता अचानक जायचं. कळवलं तर पुन्हा तापवून ठेवतील म्हणे. सरळ सांगून टाकावं की गार इंजिन दाखवा, तर तेही नाही. विकणारा सावध झाला तर रात्री हिटर लावून ठेवेल, मग कळणार काय?

तिचं बरोबर असेल, पण कुणाच्या दारात असं न सांगता उभं राहायचं हे मला बरं दिसेना. ती अंघोळीला गेली तेवढ्यात मी फोन केला. इंजिनाचा विषयसुद्धा काढला नाही हं, मी इतकी बावळट नाही. फक्त विचारलं, "आम्ही तासाभरात येतोय, दूध घरून आणू की असेल तुमच्याकडे?" ते म्हणाले, "असेल. या." मग जरा थांबून, "गुडघे कसे आहेत?" माझ्या सख्ख्या मुलानं विचारलं नाही महिनाभरात.

पोचलो तर इंजिन तापलेलं, पेटीवर घडी घातलेलं ब्लँकेट, स्टोव्हवर चहा. सुनेनं इंजिनाला हात लावला आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच तापवलं. चहाच्या कपाला शिवली नाही. मला तिचा रागच आला, माणसानं इतकं करावं आणि हिनं नाक मुरडावं! मी तिचाही कप प्यायले. साखर बरोबर होती, मी पहिल्या दिवशी बोलता बोलता सांगितली होती तेवढीच.

घरी आल्यावर सून म्हणाली, "यांना कसं कळतं कोण जाणे." मी भाजी निवडायला बसले.

१५ फेब्रुवारी, रविवार

आज बोट पाण्यात चालवून पाहिली. काय दिवस गेला! आधी सुनेनं बोट धक्क्याला चारी दोरांनी आवळून बांधायला लावली आणि तशीच गिअर टाकून इंजिन पळवलं. बोट बिचारी जागच्या जागी धडपडतेय, दोर कडकडताहेत, मागच्या नळकांड्यातून धुराबरोबर पाण्याच्या चुळा पडताहेत. सून त्या चुळा मोजल्यासारखी बघत होती. पाणी असं भरपूर पडतंय म्हणजे इंजिन गार ठेवणारा पंप नीट आहे. धूर काळा असला तर इंजिनाचा दम कोंडतोय, निळा असला तर ते ऑइल पितंय, पांढरा हटतच नसला तर आत पाणी नाहीतर झीज. आजचा धूर जवळजवळ दिसतच नव्हता.

मग दोर सोडून मधल्या प्रवाहात गेलो. वारं समोरून, पाणी खवळलेलं. बोटवाले सुकाणूवर आणि सून खाली, कान पेटीला लावून. बराच वेळ पूर्ण जोरात चालवली. तापमानाचा काटा मधे जाऊन बसला तो हलला नाही. दोघांनी मिळून एक शब्द उच्चारला नाही. तिनं नुसता हात वर केला की ते वेग वाढवत, खाली केला की उतरवत. मला दोघांचंही कौतुक वाटलं, पण सांगायचं कुणाला? इंजिनाच्या आवाजात माझंच मला ऐकू येत नव्हतं.

परत येताना सुकाणू माझ्या हातात दिलं त्यांनी! मी नको नको म्हणत होते. "तुम्हाला जमेल," म्हणाले. आणि जमलं! आधी वहिनी म्हणायचे, आता नुसतंच तुम्ही म्हणतात. वय झालं की माणूस विसरतो.

सून उतरल्यावर म्हणाली, "इंजिन फार सुंदर ठेवलंय आई, मानलं. म्हणूनच कळत नाही, इतकं चांगलं आहे तर गार का पडू देत नाहीत? काहीतरी आहे, जे फक्त सकाळी सकाळी दिसतं." तिचे डोळे भरून आले होते. तिला ती बोट हवीय. जीव टांगणीला लागलाय पोरीचा.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज मी फोन केला नाही. शपथ. दिवस उजाडायच्या आत सुनेनं मला उठवलं आणि आम्ही चोरासारख्या धक्क्यावर गेलो. दुरूनच ठक ठक ठक ऐकू आलं. इंजिन चालू! बोटवाले फडक्यानं पेटी पुसत बसले होते. आम्हाला बघून उठले, ते डोकं छताला आपटलं.

सून बोटीत उतरलीच नाही. चहावालीकडे गेली. चहावाली म्हणाली, "अगं, पूर्वी आठवड्यातून एकदा लावायचा इंजिन. हल्ली दहाएक दिवस रोज पहाटे लावतो. काल मी विचारलं, कुणी यायचंय का? तर म्हणे, सांगता येत नाही, येतीलही."

"झालं," सून मला म्हणाली. "इंजिन गार पडूच द्यायचं नाही, कारण गिऱ्हाईक कधी येईल सांगता येत नाही. आणखी काय पुरावा हवा?"

मी म्हटलं, "रोज पहाटे उठून मेहनत घेतो माणूस, हेही दिसू दे की तुला."

"डिझेल जाळतोय आई, रोज! फुकट कोण जाळतं?"

माणूस हिशेबी दिसतो, मग असं का करावं त्यांनी? मीही विचारात पडले. चहासाठी थांबायला मिळालं नाही. निघताना मागे वळून पाहिलं तर ते फडकं हातात घेऊन तसेच उभे.

२१ फेब्रुवारी, शनिवार

काल दुसरी एक बोट बघितली, आमच्या ऐपतीच्या जरा वरची. विकणारा भारी गोडबोल्या, सारखं आई आई करत होता. इंजिन लालचुटुक रंगवलेलं, आरशासारखं. सुनेनं खाली टिश्यू फिरवला तो काळाकुट्ट निघाला. आजकाल रुमाल वापरत नाही, एवढी सुधारणा आहे. तो मनुष्य म्हणाला, "जुनं इंजिन आहे, थोडं गळणारच." सुनेनं त्याला नमस्कार केला आणि आम्ही बाहेर.

आज तिनं सांगून टाकलं. टपालाची बोट घ्यायची नाही. "जे मला दाखवत नाहीत त्याच्यावर मी पोरांना बसवणार नाही. आणि तुमचे पैसे तर मुळीच लावणार नाही." महिना संपत आला, तिसरी बोट कुठून येणार? मुलाला फोन झाला. तो म्हणाला, मग तू इकडे ये, आईला पण घेऊन ये. सून मला म्हणाली, "चला ना आई, एक खोली मिळेल." खोली! चौथ्या मजल्यावर, ज्या गावात मला कुत्रंही ओळखत नाही तिथं.

मी म्हटलं, बघू. मग स्वयंपाकघरात जाऊन पोटभर रडले. लाँड्री गेली तेव्हा रडले नव्हते. तेव्हा वाटलं होतं, घर आहे, पोरगी आहे, पोरगा येईल. माझं रडणं तिला ऐकू जाऊ नये म्हणून नळ चालू ठेवला, तर बाहेरून ओरडली, "आई, पाणी वाया जातंय." मग आत आली, नळ बंद केला आणि माझ्याजवळ जमिनीवर बसून राहिली. असं माणूस मिळायला नशीब लागतं. हिला मी लांब जाऊ देणार नाही. पण अडवणार कशी?

२३ फेब्रुवारी, सोमवार

उजवा गुडघा काल रात्रीपासून टम्म. पाय टेकवत नाही. सून म्हणाली, मी एकटी जाऊन काकांना नकार सांगून येते, तोंडावर सांगितलेलं बरं.

ती दूध आणायला गेली तेव्हा मी फोन केला. म्हटलं, सून येतेय, पण मी नाही. गुडघा सुजलाय. "तुम्ही नाही येणार?" "नाही हो, उभंच राहता येत नाही." मग म्हणाले, "शेक द्या त्याला." मी म्हटलं, "सून काय सांगेल त्याचं वाईट वाटून घेऊ नका." फोन ठेवल्यावर मलाच इतकं वाईट वाटलं की शेक द्यायची पिशवी घेऊन तशीच बसून राहिले.

दुपारी सून आली ती दोन्ही हात कोपरापर्यंत काळे, गालावर काळं, आणि दात दिसताहेत! मला वाटलं, भांडून आली. "आई, घेतली!" म्हणाली.

"काय घेतलंस?"

"बोट! म्हणजे घ्यायचीच, तुम्ही हो म्हणा." आणि मग तिनं जे सांगितलं ते आठवतं तसं लिहून ठेवते.

ती उतरली तेव्हा बोटीत काळोख, गारठा. स्टोव्ह नाही, चहा नाही. काका कोपऱ्यात बसलेले. नकार सांगायला तिनं तोंड उघडलं आणि सवयीनं हात इंजिनावर ठेवला. गार! दगडासारखं गार. ती सगळं विसरली. म्हणाली, "काका, सुरू करू?" ते म्हणाले, "कर." किल्लीला हात घालणार तर म्हणाले, "बॅटरी कशाला, हँडल आहे ना." माझा खांदा गेला म्हणून, नाहीतर मी बॅटरीवर कधीच सुरू केलं नसतं, म्हणाले.

हिनं लोखंडी हँडल लावलं. गार इंजिन, हातानं. पहिल्या फेऱ्याला नुसतं गुरगुरलं. दुसऱ्याला तिला हातात दाब लागला, भरगच्च, म्हणाली, आतून झिजलेलं असतं तर असा दाब लागलाच नसता. पुढच्या झटक्याला एकदा खोकलं, पांढरा धूर फुस्सकन सोडला आणि लागलं चालायला. धूर विरला. आवाज एकसारखा. ती म्हणे तिथंच खाली बसली आणि हसत सुटली. "आई, माझ्याहून म्हातारं इंजिन, या थंडीत, एका बाईच्या हातानं सुरू झालं! असं राखलेलं इंजिन मी कंपनीत एकही पाहिलं नाही."

मग तिनं त्यांना विचारलंच. मग रोज आधी तापवून का ठेवत होतात? मी तुम्हाला लबाड समजत होते.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

सून माझ्याकडे बघत राहिली. तिच्या तोंडावर असं काही होतं की मला कळेना, ही हसतेय की काय. "म्हणाले, 'पेटी गार लागते ना त्यांना. आज त्या येणार नव्हत्या.'"

हात्तिच्या! म्हणजे माझ्या गुडघ्यांसाठी! एका म्हातारीच्या गुडघ्यांसाठी रोज पहाटे उठून डिझेल जाळत होते, आणि त्यापायी सौदा मोडायची वेळ आली होती! मी म्हटलं, "काय वेडा माणूस आहे! एक उशी टाकली असती तरी भागलं असतं."

"हो ना," सून म्हणाली. "उशी सुचली नसेल त्यांना." मग हात धुवायला गेली, आणि आतून तिचा हसण्याचा आवाज बराच वेळ येत होता. एवढं काय हसायचं?

फोनचं मी तिला सांगून टाकलं. दोन्ही वेळचं. मला वाटलं रागावेल. तिनं धुऊनही काळ्याच राहिलेल्या हातांनी माझे गाल धरले. टॉवेल खराब झाला तो झालाच.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

बंदर कार्यालयाचे तपासनीस येऊन गेले. त्यांनीही इंजिनाखाली हात घातला, वर काढून बघितला आणि बोटवाल्यांकडे बघून मान हलवली. बोट पास. परवाना सुनेच्या नावावर. मुलाला फोन केला तर तिकडून नुसता ओरडला, शब्द एकही कळला नाही. जीव भांड्यात पडला.

नदीच्या पोटात वाळूचे उंचवटे कुठं कुठं आहेत ते फक्त बोटवाल्यांना ठाऊक. सुनेनं विचारलं, "काका, काही महिने आमच्याबरोबर राहाल का, आम्हाला शिकवायला?" मी मधे म्हटलं, "त्यांना आराम करू दे गं." ते इतक्या चटकन "राहीन" म्हणाले की चहावालीच्या हातातून गाळणं पडलं.

३ मार्च, मंगळवार

आज पहिली फेरी. मुलगा परवाच आला, वाळलाय, पण हसतोय. तो दोर धरायला, सून इंजिनाला, बोटवाले सुकाणूला. मी तिकिटं फाडायला. मला कामाला लावायचं हे सुनेनं म्हणे पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. "मग मी तुम्हाला दर वेळी बोटीवर कशाला नेत होते? रिकाम्या बसला असतात तर आम्हाला सळो की पळो केलं असतंत." बघा ही पोरगी! इंजिन तपासत होती की मला?

सकाळी सगळ्यांत आधी मी पोचले. इंजिन गार होतं, सुनेची सक्त ताकीद आहे, रोज गारच सुरू करायचं, तिच्या समोर. पेटीवर गादी बसवलेली. जाड, हिरव्या कापडाची, कडेनं टाके घातलेली. टाके वेडेवाकडे, एका खांद्यानं घातलेले कळत होते. माझ्या लाँड्रीत असला माल आला असता तर मी परत पाठवला असता. बसून बघितलं. मऊ आहे.

ते सुकाणूपाशी उभे राहून पाण्याकडे बघत होते. "ठीक आहे?" न बघताच विचारलं. "ठीक आहे," मी म्हटलं. मला आणखी काहीतरी बोलायचं होतं, पण मी, जी बॉयलरवर तासभर बोलते, तिला एक शब्द सुचेना.

मग सून आली, हँडल फिरवलं, इंजिन एकदा खोकलं आणि सुरू झालं. पलीकडच्या काठावर शाळेची पोरं रांग लावून उभी होती, हात हलवत होती. जाताना आणि येताना एकदाही आवाज चुकला नाही. पेटी हळूहळू खालून उबदार झाली.

ते मला वहिनी म्हणायचं विसरले, असं मी मागे लिहिलं होतं. आज उतरताना हात पुढे करून म्हणाले, "सावकाश, तुम्ही." मनात आलं, आठवण करून द्यावी का? मग म्हटलं, राहू दे.